झरीची मेणबत्ती

दशरथ मास्तरांनी कागद पुढे सरकवला तेव्हा मुक्ता बॅगेत स्वेटर कोंबत होती. दोन दिवसांनी तिला कंपनीच्या कामासाठी स्टॉकहोमला जायचं होतं. कागदावर तिथल्या पाच कॅथलिक चर्चची नावं होती, मास्तरांच्या फळ्यावरच्या अक्षरात. पहिलं संत एरिक, दुसरं संत युजेनिया.

"पाच कशाला, बाबा?"

"एक बंद असलं तर दुसरं. माझा नवस राहिलाय. मेणबत्ती लावायची. झरीहून आणून देतो."

"मेणबत्त्या तिकडेही मिळतात."

"नवसाचं इथूनच न्यायचं असतं."

तिने कागद पासपोर्टात ठेवला. कसला नवस, ते विचारलं नाही.

शेजारच्या झरी गावाचं नाव त्या घरात सोळा वर्षं कोणी काढलं नव्हतं. चौदाव्या वर्षी, नाताळात, ती मैत्रीण सोमीबरोबर तिथल्या चर्चमध्ये गाणी ऐकायला गेली होती. मास्तरांनी तिला भर प्रार्थनेतून वेणी धरून फरफटत बाहेर आणलं. काठी मोडेपर्यंत मारलं, मग लाथा घातल्या. मध्ये पडलेल्या सोमीचा ओठ फाटला. शेवटच्या लाथेसरशी मुक्ताचं डोकं पायरीवर आपटलं.

कागद दिला त्याच दुपारी मास्तर स्कूटर घेऊन झरीला गेले. येताना महामार्गावर टँकरने त्यांना चिरडलं. कमरेखाली ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. डिकीतली मेणबत्ती तीन जागी मोडली होती, नुसत्या वातीवर लोंबत होती.

तेराव्यानंतर आईने सांगितलं. त्या नाताळात मिशनच्या दवाखान्यात, मुक्ताच्या खाटेशी, मास्तर फरशीवर डोकं आपटत होते. मेरीआई, पोरीला डोळे उघडू दे, तुझ्यापुढे मेणबत्ती लावीन, पुन्हा हात उचलणार नाही. दोन तास तेच. कपाळ फुटलं, सिस्टरांनी धरलं, तरी थांबेनात. हात त्यांनी पुन्हा कधी उचलला नाही. पण इतकी वर्षं झरीत पाऊल ठेवायला तोंड नव्हतं.

"तू बेशुद्ध होतीस," आई म्हणाली. "तुला कुठून ठाऊक असणार."

मुक्ताने मोडकी मेणबत्ती स्वेटरात गुंडाळून बॅगेत ठेवली.

पुढे ढकललेल्या दौऱ्यात, स्टॉकहोममध्ये ती गेली त्या सकाळी संत एरिक बंद होतं. संत युजेनियात तिने मेणबत्तीचे तुकडे चिमटीत जुळवून धरले आणि वात पेटवली. मेण बोटांवर ओघळलं. तिने हात काढला नाही. मराठी कळणारं आसपास कोणी नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी शुद्धीवर होते. सगळं ऐकत होते. मुद्दाम डोळे उघडले नाहीत."