पांढऱ्या पायाची

पेनल्टी शूटआउट सुरू होणार म्हटल्यावर दिराने स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं, त्याला खुर्ची टेकवली आणि खुर्चीवर स्वतःच ठाण मांडलं.

"वहिनी, राग मानू नका," तो दाराआडून म्हणाला. "पण आज देशाचा प्रश्न आहे."

राग कसला मानायचा! बारक्याच्या आईने निमूटपणे मटारची परात पुढे ओढली. बारक्या म्हणजे तिचा लेक. चांगला सहा फुटी गडी, देशाच्या फुटबॉल संघात बचाव सांभाळणारा, पण घरात अजून बारक्याच. तो संघात आल्यापासून ती दोनदा टीव्हीसमोर बसली आणि दोन्ही वेळा देशाने सपाटून मार खाल्ला. तेवढं पुरलं. आधी सगळे थट्टेत म्हणाले, मग तोंड पाडून म्हणू लागले, आणि आता शेजारच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं की काकू पांढऱ्या पायाची आहे. बारक्याचे बाबा यावर नुसते हसले होते, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. बरं, त्या दोन्ही सामन्यांत बारक्या राखीव म्हणून बाकावर बसलेला. म्हणजे लेक देशाकडून खेळतो आणि आईने त्याला खेळताना पाहिलेलंच नाही!

पण कळत तिला सगळं होतं. हॉलमधल्यांच्या आधी कळत होतं. दिराने हौसेने इंटरनेटवरचा नवा बॉक्स बसवला होता. चित्र आरशासारखं लख्ख, पण पोचायचं उशिरा. समोरच्या इमारतीत जुनंच कनेक्शन, तिथे गोल आधी व्हायचा. त्यांची बोंबाबोंब ऐकून मजा जाते म्हणून हॉलच्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी लावायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

समोर जल्लोष झाला. तिच्या तीन-चार शेंगा सोलून झाल्या, तेव्हा कुठे हॉल दणाणला. पुन्हा तसंच झालं. मग समोरून एक लांबलचक "अरेरे" आलं आणि तिचे हात थांबले. बारक्या नसणार, बारक्या शेवटी होता. कप्तान असेल.

"अरे आंधळ्या!" थोड्या वेळाने हॉलमध्ये गल्लीतला टेलर किंचाळला. "गोल इकडे, मारतोस कुठे!"

टेलर तसा देवमाणूस. याच कप्तानाचं चित्र छापलेला भलामोठा झेंडा त्याने स्वतः शिवून दुकानावर लावला होता. आता तो म्हणत होता, "उद्या उतरवतो आणि दुकानात पाय पुसायला टाकतो." कुणी हसलं नाही. बाकीच्यांनी याहून घाण शब्द काढले. टीव्हीतून मैदानाचा आवाज येत होता. मैदान आपलं, माणसं आपली आणि हुर्यो आपल्याच पोराची. कुणीतरी कप्तानाच्या घराच्या काचांबद्दल बोललं. तिने नकळत आपल्या खिडकीकडे पाहिलं.

"आता बारक्या!" दिराचा आवाज चिरकला. "शेवटची किक. घातला तर बरोबरी, हुकला तर खेळ खल्लास!"

खुर्ची करकरली. दीर उठून टीव्हीकडे धावला असावा. हॉल चिडीचूप झाला. समोरची इमारतही चिडीचूप होती.

मग समोरून आवाज आला. जल्लोष नव्हता. कुणीतरी भांडं आपटलं आणि एक बाई स्पष्ट म्हणाली, "घालवलं मेल्याने!"

हुकला. तिचा बारक्या हुकला होता, आणि भिंतीपलीकडे अजून कुणालाच पत्ता नव्हता. तिथे तो अजून चेंडूकडे चालत निघाला असेल, आणि ही सगळी माणसं त्याच्यासाठी हात जोडून बसली असतील. आणखी थोडा वेळ. मग हीच तोंडं सुटणार होती.

ती उठली. हात पुसले आणि खांद्याने दार ढकललं. खुर्ची धाडकन आडवी झाली.

"वहिनी! आत जा! आत्ताच्या आत्ता आत जा!"

"अगं, काही कळतं का तुला?" बारक्याचे बाबा ओरडले.

ती थेट टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. बारक्या चेंडू ठेवत होता. त्याने दोन्ही तळवे चड्डीला पुसले, लहानपणी अंधाऱ्या जिन्यात शिरताना पुसायचा तसे. किती वाळलाय, तिला वाटलं. मग तो धावला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

सगळे वळले ते तिच्याकडे. पडद्याकडे कुणी बघेना.

"घालणार होता हो तो!" टेलर रडकुंडीला आला होता. "शंभर टक्के घालणार होता! काय केलंत हे, ताई!"

"पोराचा काय दोष?" दीर डोकं धरून मटकन खाली बसला. "त्याने बिचाऱ्याने जीव ओतला. आपल्याच घरातून दगा झाला."

बारक्याच्या बाबांनी मान फिरवली.

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं. तो घालणारच होता, मी मध्ये आले. गल्लीभर सांगा खुशाल."

ती स्वयंपाकघरात परतली. समोरच्या इमारतीत अजून बारक्याचा उद्धार चालला होता. तिने आधी ती खिडकी लावली, नीट कडी घातली, आणि मग राहिलेले मटार सोलायला बसली.