अळणी

कालवांची पिल्लं वाढवायच्या शेडचे दोन भाग: एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. मधे पत्र्याची भिंत आणि एक दार. आठवडाभर थोरल्याच्या हौदातली पिल्लं शिंपले गच्च मिटून पटापट मरत होती, धाकट्याची मात्र ठणठणीत! थोरल्याने मीटर बुडवून पाहिला, तर पाण्याचा खारटपणा निम्म्यावर आलेला. म्हणजे रोज कुणीतरी हौदात गोडं पाणी सोडत होतं. कोण, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"वाटण्या झाल्यापासून याच्या पोटात दुखतंय," तो बायकोजवळ धुमसला आणि त्याने भावाला चारचौघांत फैलावर घेतलं.

"दादा, मी तुझ्या हौदाला हात तरी लावेन का?" धाकटा रडवेला झाला.

'साळसूदपणा तर बघा,' थोरला मनात म्हणाला. त्याने मधल्या दाराला कुलूप ठोकलं आणि भावाशी बोलणं टाकलं.

तरीही पाणी अळणीच. शेवटी एका दुपारी जेवण अर्धवट टाकून तो दबक्या पावलांनी शेडमध्ये शिरला. हौदात नळाचा पाइप सोडून आई शेजारी स्टुलावर निवांत बसली होती.

"डॉक्टरांनी माझं मीठ तोडलं, तेव्हा कुठे बीपी ताळ्यावर आलं. हे मुके जीव तर चोवीस तास खाऱ्यातच रे!" ती हळहळली. मग मधल्या दाराकडे बघत तिने आवाज खाली आणला.

"फक्त तुझ्याच हौदात सोडते हो. धाकट्याला कळू देऊ नकोस."