चार कप दूध

"दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला दोन कप दूध पुरे," चंद्रावरच्या दवाखान्यात डॉक्टर केतकीला म्हणाल्या. "तुम्ही चार पाजताय. म्हणून तो जेवत नाही, रक्तही कमी झालंय."

"हाडं बळकट व्हायला हवीत ना. त्याला पृथ्वीवर न्यायचंय, माझ्या आईकडे."

"कॅल्शियम भरपूर आहे हो. पण इथे जन्मलेल्या हाडांनी पृथ्वीवरचं वजन कधी पेललेलंच नाही. तिथे हा उभासुद्धा राहू शकणार नाही. पुढेही नाही."

घरी आल्यावर पडद्यावर आईचा नेहमीचाच प्रश्न. "दूध पितो ना गं? मग कधी आणतेस?"

केतकीने निहारला मांडीवर घेतलं.

निहारने कप उलटा करून दाखवला. "आजी, शंपलं. आता येऊ?"