श्वासापुरती वीज

"बाबा, शेपटी धर. घट्ट."

नैना ओरडली नाही. पण तिच्या आवाजात असं काही होतं की रवी साठ्यांनी विचार न करता दोन्ही हात सेंट क्लेअर नदीच्या गार पाण्यात घातले. हाताला लागलं ते माशासारखं वाटेना. ओल्या, खडबडीत दगडासारखं काहीतरी होतं, आणि ते जिवंत होतं. दोघांनी मिळून ते धूड झोळीत घेतलं, बोटीच्या काठावरून आत ओढलं आणि मधोमध ठेवलेल्या लांबलचक टाकीत अलगद उतरवलं.

रवी मटकन खाली बसले. आयुष्यात त्यांनी कधी माशाला हात लावला नव्हता. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. पुण्याहून मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन त्यांनी मोटारींच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढली. मुलगी डॉक्टर होईल, निदान सॉफ्टवेअरमध्ये तरी जाईल, असं ते धरून चालले होते. ती गेली माशांच्या मागे. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर ते "रिसर्चमध्ये आहे" म्हणत आणि विषय बदलत. ती नेमकं काय करते, हे त्यांनी तिलाही कधी विचारलं नव्हतं. पकडत असेल, मारत असेल, कापून बघत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तरीही तिच्या बोटीच्या बॅटऱ्या त्यांनीच सांभाळल्या होत्या. नैना नोकरीसाठी ऑरेगनला गेली तेव्हा बोट घरासमोरच्या ड्राइव्हवेत ताडपत्रीखाली राहिली. मिशिगनच्या थंडीत चार्ज उतरलेली बॅटरी गोठते आणि फुटते. ते काही रवींना बघवलं नसतं. त्यांनी बॅटऱ्या काढून बेसमेंटमध्ये नेल्या. झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर चढलेला पांढरा थर खाण्याच्या सोड्याने घासून काढायचा, चार्जर लावायचा. दोन हिवाळे हे चाललं होतं. मासे मारायच्या बोटीची एवढी सेवा कशाला, असं त्यांच्या बायकोने, सुलभाने, एकदा विचारलं. चांगली वस्तू मरू देऊ नये, एवढंच ते म्हणाले. मनात मात्र टोचत राहायचं. आपण भरलेल्या विजेवर उद्या कुणाचा तरी जीव जाणार.

या वसंतात नैना परत आली. आज सकाळी तिची सहकारी आजारी पडली. एकटीने बोट नेण्याची सोय नव्हती. सुलभाने नवऱ्याच्या हातात चहाचा थर्मास ठेवला आणि दार उघडून धरलं.

आता टाकीत तो स्टर्जन जातीचा मासा निवांत पडून होता. जवळजवळ रवींच्याच उंचीचा. अंगावर खवले नव्हते. पाठीवरून हाडांच्या ढालींची एक रांग शेपटीपर्यंत गेली होती. लांब नाकाखाली चार मिशा हलत होत्या. डोळा बारीक, आणि त्यात भीती दिसत नव्हती. बाप रे, असं रवींच्या तोंडून निघालं तेही कुजबुजल्यासारखं, देवळात बोलावं तसं.

नैना टेप लावून लांबी मोजत होती. ही बहुधा मादी आहे, असं ती म्हणाली. आजोबांच्या वयाची असेल, कदाचित थोरलीच. आणि ही जात तर डायनासोरच्या काळापासून आहे. रवी ऐकत राहिले. त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या कितीतरी गाड्या एव्हाना भंगारात गेल्या होत्या. तेवढा सगळा काळ ही इथे, या पाण्याखाली, तळाशी फिरत होती.

त्यांनी घसा खाकरला. "हिला कधी मारायचं?"

नैनाचा हात थांबला. "मारायचं? बाबा, आय टॅग देम. कातडीखाली एक छोटी चिप घालते आणि सोडून देते." ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुला वाटायचं मी मारते? ऑल दीज इयर्स?"

बोटीत एक बारीक घरघर चालू होती. कुठे तरी बघायचं म्हणून रवी तिकडे वळले आणि हा कसला आवाज, असं त्यांनी विचारलं.

"पंप आहे. नदीचं पाणी सारखं तिच्या कल्ल्यांवरून फिरवतो. तो थांबला तर ती गुदमरेल." नैनाने टाकीच्या काठावर हात टेकला. "आत्ता ती तुझ्या बॅटऱ्यांवर श्वास घेतेय, बाबा."

रवी वाकले. त्यांनी हात पाण्यात घातला आणि त्या मादीच्या गळ्याशी नुसता ठेवला. कल्ला उघडला. मिटला. पुन्हा उघडला. बोटांवरून पाणी वाहत होतं. त्यांचे डोळे भरून आले, तरी हात काढावासा वाटेना.

काम झालं तशी त्यांनी तिला झोळीतून परत नदीत उतरवलं. ती स्वतःहून जोर लावेपर्यंत सोडायचं नाही, असं नैनाने बजावलं होतं. रवी काठावर पोट टेकून शेपटी धरून राहिले. मग एकाएकी त्या शरीरात ताकद आली. एकच हिसका. त्यांचे हात रिकामे झाले, आणि एक मोठी काळी सावली शांतपणे खोल उतरत दिसेनाशी झाली.

रवींच्या बाह्या कोपरांपर्यंत भिजल्या होत्या, बोटं गारठून लाल झाली होती. ते नैनाच्या लक्षात आलं. तिने त्यांच्या खांद्यावर जॅकेट टाकलं. बास झालं आजच्यापुरतं, परत जाऊ या, असं म्हणून ती इंजिनाकडे वळली.

"थांबू या अजून," रवी पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "चार्ज भरपूर आहे."