ड्रेसला टाचलेली चिठ्ठी

उद्या माझी प्रवेशपरीक्षा, आणि आईचा जीव टांगणीला. एकेका विशेषणाला तीन समानार्थी शब्द सांगायचे होते. तोंडात टाचण्या धरून आई शिलाईमशीनवर बसायची, त्यामुळे प्रश्न चिठ्ठीवर लिहून वर धरायची. मी येरझारा घालत उत्तरं द्यायचे. गिऱ्हाइकांची नावंही ती अशाच चिठ्ठ्यांवर लिहून कपड्यांना टाचायची. दार वाजलं. सकाळीच नवा ड्रेस घेऊन गेलेल्या मुख्याध्यापिका उंबऱ्यात उभ्या होत्या, उद्या परीक्षा घेणाऱ्या त्याच. "अहो ताई, हे माझ्या ड्रेसला टाचलेलं होतं," म्हणत त्यांनी चिठ्ठी वर धरली. आईच्या अक्षरात लिहिलं होतं: स्थूल. तिच्या तोंडातल्या टाचण्या खळकन जमिनीवर सांडल्या. पण वर धरलेली चिठ्ठी दिसताच माझ्या तोंडून सवयीनं निसटलं, "लठ्ठ, जाडजूड!" बाईंनी आधी आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, मग चष्म्यावरून माझ्याकडे. "आणि तिसरा?"