पुढच्या सीटची मधली जागा

जुन्या मोटारींच्या गिअरची मांडणी बदलून देणाऱ्या रेजिनाला पास्कोलकाकांचा हट्ट कळेना. “काका, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा मस्त चालतोय. तो खाली पायांजवळ घ्यायचा तर पुढची अखंड सीट मधोमध कापावी लागेल. मध्ये कुणालाच बसता येणार नाही.” “तेच पायजे,” काका सपाट आवाजात म्हणाले. “तुझी काकी गेल्यापासून ती रिकामी जागा बघवत नाय.” रेजिनानं सीटवर खडूनं रेघ ओढली आणि कटर उचलला. “थांब बाय.” काका डाव्या दारानं आत शिरले आणि सरकत काकीच्या जागी येऊन बसले. गुडघे पुढच्या पत्र्याला टेकले. “दाराकडची जागा मोकळी असायची, तरी ती इथं अवघडून बसायची. मी म्हणायचो, सरक तिकडं, गिअर टाकू दे.” त्यांचे डोळे कोरडेच होते. “कापायच्या आधी निर्मळ गावापर्यंत एक फेरी मार,” ते म्हणाले. “मी इथंच बसतो.”