कोब्याची थाप

पिंपरीत कारखाने उठू लागले, त्या सालची गोष्ट. चिंचवडच्या आमच्या गच्चीवर बाया लाकडी थाप्यांनी चुन्याचा कोबा ठोकत होत्या. खाली पाळण्यात माझी तान्ही निजली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मध्यान्हीपर्यंत माझं रोजचं मौन, खालून हाक मारून काही सांगता येत नाही, म्हणून मी बायांजवळच जपमाळ घेऊन बसले होते.

बाया पाणी प्यायला थांबल्या. तरी खालून एक थाप येतच राहिली, संथ, त्याच ठेक्यात.

“वैनी, तुमचं घर बी रोजंदारीवर आलं व्हय?” त्यांच्यातली कौशल्याबाई हसली.

माझा जीव तान्हीकडे ओढला गेला. मी उठले, तोच थाप थांबली.

“हळू ठोका गं,” खालून माझाच आवाज आला, “आत्ताच निजलीय ती.”

कौशल्याबाई माझ्या मिटल्या ओठांकडे बघत राहिली. खाली पाळण्याच्या कड्या हलकेच कुरकुरू लागल्या.